इतिहास पहा

माझं पहिलं संपादन सात मिनिटंसुद्धा टिकलं नाही. २०१३ सालचा मे महिना होता. लग्नपत्रिकांची शेवटची लाट ओसरली होती, दुपारच्या उन्हात दुकानाकडे कोणी फिरकत नव्हतं. संगणकावर मराठी विकिपीडिया उघडून बसलो होतो, तेव्हा पठारावरच्या एका गावाचं पान समोर आलं. त्यात जेमतेम दोन ओळी होत्या. त्या गावाबद्दलचा आठ पानांचा मजकूर माझ्या हार्डडिस्कवर तयार पडलेला होता.

संगमनेरात माझं डीटीपीचं दुकान आहे. पत्रिका, हँडबिलं, पतसंस्थांचे अहवाल, मंडळांची पावतीपुस्तकं, शाळांच्या स्मरणिका ही कामं मी १९९६ पासून करत आलो. सुरुवातीच्या काळात बटरपेपरवर प्रिंट काढून प्रेसला द्यायचो, त्यावरून तिथे प्लेट व्हायची. त्या गावच्या जत्रेची स्मरणिका मी आदल्याच वर्षी केली होती. गावातल्या एका निवृत्त गुरुजींनी गावाचा इतिहास हाताने लिहून दिला होता. देवीचं ठाणं, जुन्या विहिरी, ओढे, बहात्तरचा दुष्काळ, पहिली शाळा असं सगळं त्यात होतं. तो मी श्रीलिपीत टाइप केला होता.

तोच मजकूर कॉपी करून पानात चिकटवला. पडद्यावर इंग्रजी अक्षरं, टक्क्याची चिन्हं, कंस, डॉलर असा ढीग उमटला. मला त्याचं फारसं काही वाटलं नाही. पेजमेकरमध्येही मजकूर आधी असाच दिसतो. फाँट निवडला की अक्षरं जागेवर येतात. इथे फाँट निवडायची जागा कुठे सापडेना. तोवर जतन तरी करून ठेवू, म्हणून कळ दाबली.

चहा पिऊन आलो तर पान पुन्हा दोन ओळींचं झालेलं. माझ्या नावाच्या चर्चापानावर कुणीतरी निरोप ठेवला होता. स्वागत होतं, मजकूर युनिकोडमध्ये नसल्यामुळे वाचता येत नाही असं सांगितलं होतं, आणि धूळपाटीवर सराव करा, अडलं तर विचारा, असं लिहिलं होतं. लिहिणाऱ्याला मी आजतागायत पाहिलेलं नाही.

श्रीलिपीसारख्या जुन्या फाँटची रचना अशी की इंग्रजी अक्षराच्या घरात मराठी अक्षराचं चित्र बसवलेलं असतं. डोळ्याला ‘क’ दिसतो, पण संगणकाने साठवलेलं असतं भलतंच चिन्ह. फाँट काढून घेतला की मराठी नाहीशी होते. युनिकोडमध्ये प्रत्येक मराठी अक्षराला स्वतःचा क्रमांक आहे, म्हणून ते कुठल्याही यंत्रावर मराठीच राहतं, शोधता येतं, मोजता येतं. हे कळलं त्या रात्री मला झोप लागली नाही. सतरा वर्षं मी मराठी टाइप करतोय असं समजत होतो. संगणकाच्या लेखी त्यातलं एक अक्षरही मराठी नव्हतं.

चाळिशी उलटल्यावर बोटांना नवा कीबोर्ड शिकवणं सोपं नसतं. इन्स्क्रिप्टवर हात बसायला तीन महिने लागले. त्या काळात दिवसा श्रीलिपी आणि रात्री इन्स्क्रिप्ट असं चालायचं, आणि दोन्हीकडे चुका व्हायच्या.

मला तिथे धरून ठेवलं ते शब्दांनी. सरावाच्या पानाला धूळपाटी म्हणतात. माझी आजी धूळपाटीवर बोटाने अक्षरं गिरवायला शिकली होती. फळीवर बारीक धूळ पसरायची, लिहायचं, हाताने सारखी करायची, पुन्हा लिहायचं. सगळ्यांनी मिळून बोलायच्या जागेचं नाव चावडी. पुन्हा पुन्हा लागणाऱ्या रचनेला साचा. ठरवून दिलेली कामं आपोआप करणाऱ्या प्रणालीला सांगकाम्या. १ मे २००३ ला मराठी विकिपीडिया सुरू झाला. माझ्याआधी तिथे आलेल्यांनी लेख लिहिता लिहिता ही नावंही बसवून ठेवली होती. विकी हा मूळ हवाई बेटांवरचा शब्द, अर्थ ‘झटपट’. वॉर्ड कनिंगहॅम या अमेरिकी प्रोग्रॅमरने १९९५ मध्ये वाचणाऱ्याला बदलता येतील अशी पानं बनवली आणि त्यांना हे नाव दिलं. पण मला परकं काही शिकतोय असं वाटलं नाही, ते धूळपाटी आणि चावडीमुळे.

आता पानाच्या मांडणीबद्दल. आमच्या धंद्यात पान म्हणजे कागद. शीर्षक मध्यभागी, जाड, चोवीस पॉइंट. परिच्छेदाची सुरुवात चार स्पेस सोडून. मी विकीवर तेच करत गेलो. ओळीच्या सुरुवातीला स्पेस दिली की विकीवर ती ओळ वेगळ्या चौकटीत जाऊन बसते, टंकलेखन यंत्राच्या अक्षरांसारखी. माझ्या पहिल्या लेखात प्रत्येक परिच्छेदाची पहिली ओळ अशी पेटीत अडकली होती आणि कारण सापडायला मला दोन संध्याकाळी लागल्या. एकदा एंटर मारून नवा परिच्छेद होत नाही, एक ओळ रिकामी सोडावी लागते. जाड अक्षरांसाठी शब्दाच्या दोन्ही बाजूंना तीन-तीन अवतरणखुणा, तिरक्यांसाठी दोन-दोन. ही बाराखडी आठवड्यात पाठ झाली.

शीर्षकाचं मात्र वर्षभर कळलं नव्हतं. मी जाड आणि मोठी अक्षरं करून शीर्षक बनवायचो. दिसायचं बरोबर. मग एका अनुभवी संपादकाने माझ्या लेखातली सगळी जाड अक्षरं काढून दोन्ही बाजूंना बरोबरीची दोन-दोन चिन्हं घातली. मला राग आला, दिसण्यात काहीच फरक नाही तर हात का लावला? मग पाहिलं, लेखाला आपोआप अनुक्रमणिका आली होती. मोबाइलवर तेच विभाग घडीसारखे मिटत-उघडत होते. त्याने चर्चापानावर लिहिलं की दृष्टिहीन वाचक संगणकाकडून पान वाचून घेतात, तेव्हा ते एका शीर्षकावरून दुसऱ्या शीर्षकावर उडी मारत जातात. नुसती जाड अक्षरं त्यांच्यासाठी शीर्षक नसतात. माझ्या कागदावर जाड म्हणजे शीर्षक असं डोळा ठरवत होता. इथे हे शीर्षक आहे असं सांगायचं, आणि ते कसं दाखवायचं ते वाचणाऱ्याच्या यंत्रावर सोपवायचं. आपण मांडलेलं पान दुसऱ्याला कसं दिसेल ते आपल्या हातात नाही, हे स्वीकारणं माझ्यासारख्या मिलिमीटरवर भांडणाऱ्या माणसाला जड गेलं.

दुव्यांनी मला माझाच तालुका नव्याने दाखवला. शब्दाभोवती दुहेरी चौकटी कंस घातले की त्या नावाच्या पानाचा दुवा तयार होतो. पान असेल तर निळा, नसेल तर लाल. नाशिकला जाताना कऱ्हे घाट लागतो, त्यावरून मी ‘कऱ्हे’ असा दुवा दिला आणि तो लाल आला. पान तर मी स्वतः पाहिलं होतं. अक्षरन् अक्षर तेच. घोळ त्या अर्ध्या ‘र’मध्ये होता. हा र संगणकात दोन तऱ्हांनी लिहिता येतो. एका पद्धतीत नुक्ता असलेला ‘ऱ’ घेऊन त्याचा पाय मोडायचा, दुसरीत साधा ‘र’ घेऊन मोडायचा आणि पुढे एक न दिसणारं जोडचिन्ह द्यायचं. डोळ्याला दोन्ही एकच, यंत्राला दोन वेगळी नावं. कऱ्हाड, वऱ्हाड, सगळीकडे हा धोका आहे. तेव्हापासून असं नाव आलं की मी दुसऱ्या पद्धतीच्या नावावरून पुनर्निर्देशन करून ठेवतो, म्हणजे कोणी कसंही लिहिलं तरी पोहोचेल.

आणि ओझर. आमच्या तालुक्यात ओझर म्हटलं की प्रवरेवरचा बंधारा, जिथून डावा आणि उजवा कालवा निघतात. मी एका लेखात बंधाऱ्याबद्दल लिहून ‘ओझर’ असा दुवा टाकला आणि दाबून पाहिलाच नाही. एका वाचकाने कळवलं की दुवा गणपतीच्या देवळात जातोय. अष्टविनायकातल्या विघ्नहराचं ओझर जुन्नर तालुक्यातलं. तिसरं ओझर नाशिकजवळचं, विमानांच्या कारखान्याचं. तिन्ही खरी, तिन्ही आपापल्या ठिकाणी ‘ओझर’च. मग नावापुढे कंसात ओळख देऊन वेगळी पानं करायची, आणि एक पान फक्त वाटा दाखवण्यासाठी. त्याला निःसंदिग्धीकरण म्हणतात. शब्द अवघड आहे, पण काम टपाल खात्यात वर्षानुवर्षं चालत आलेलं आहे. निमगाव, वडगाव, खुर्द आणि बुद्रुक यांच्या याद्या करत मी एक अख्खा पावसाळा घालवला. इतका आनंद मला फार कमी कामांनी दिला आहे.

चुका लहान होत्या तोवर ठीक होतं. तालुक्यातल्या गावांची यादी देणारा एक साचा होता, तो गावांच्या पानांच्या तळाशी लागायचा. मला त्याचा रंग भडक वाटला. धूळपाटीवर न करता मी थेट साच्यातच हात घातला आणि एक महिरपी कंस बंद करायचा विसरलो. झलक न पाहता जतन केलं. साचा एका जागी असतो, पण जिथे जिथे तो लावलाय तिथे तिथे उमटतो. त्यामुळे त्या रात्री कितीतरी गावांच्या पानांचे तळ विस्कटले. सकाळी कुणीतरी ते सावरलेलं होतं. छपाईत चूक झाली तर हजार प्रती रद्दीत जातात आणि पैसे माझ्या खिशातून जातात, त्यामुळे प्रूफ तीनदा वाचायची सवय होती. विकीवर सगळं परत फिरवता येतं हे कळल्यापासून ती सवय सैल झाली होती. ‘झलक पहा’ ही कळ तेव्हापासून मी चुकवलेली नाही.

त्याहून लाज वाटावी अशी चूक पावसाची होती. गावांची पानं भराभर वाढवावीत म्हणून मी कोकणातल्या एका गावाच्या पानाची रचना उचलली: स्थान, हवामान, लोकजीवन, जवळची गावं. नावं बदलत गेलो आणि हवामानाचं वाक्य तसंच राहिलं. साकूर-घारगावकडच्या पठारावरच्या गावांत भरपूर पाऊस पडतो, असं माझ्या हातून लिहिलं गेलं. प्रवरा रतनगडाच्या डोंगरात उगम पावते, तिथे पावसाळ्यात ढग हटत नाहीत. ती संगमनेरला म्हाळुंगीला भेटायला येते तोवर आपण पर्जन्यछायेत आलेलो असतो आणि पठारावर उन्हाळ्यात टँकरची वाट पाहतात. हे मला माहीत नव्हतं असं नाही. मी त्या उन्हात वाढलोय. तरी माझ्या नावावर ती वाक्यं दीड महिना उभी होती. आपल्या गावाबद्दल आपल्याला माहीत आहे एवढ्याने आपण लिहिलेलं खरं ठरत नाही.

संदर्भाचा धडा शाहीर अनंत फंदींनी दिला. ते संगमनेरचे, काळ १७४४ ते १८१९. अहिल्याबाई होळकरांनी कान टोचल्यावर त्यांनी तमाशा सोडून कीर्तन धरलं, ही गोष्ट आम्ही लहानपणापासून ऐकत आलो आहोत. मी ती घडलेली घटना म्हणून लिहिली. कुणीतरी वाक्याच्या शेवटी ‘संदर्भ हवा’ची खूण लावली. मला अपमान झाल्यासारखं वाटलं. संगमनेरच्या माणसाला फंदींबद्दल पुरावा मागणारे हे कोण? चर्चापानावर मी तावातावाने लिहिलं. समोरच्याने शांतपणे विचारलं, ही गोष्ट तुम्ही कुठे वाचलीत? वाचली नव्हती. वाचनालयात जाऊन पुस्तकं काढली, तेव्हा दिसलं की लिहिणारे स्वतःच तिला आख्यायिका म्हणतात. मग वाक्य बदललं: अशी आख्यायिका आहे, आणि ती अमुक पुस्तकात अमुक पानावर दिली आहे. गोष्ट गेली नाही. ती कोण सांगतं ते जोडलं गेलं.

त्यानंतर मी वाचायला लागलो. जेम्स कॅम्पबेलच्या संपादनाखाली निघालेल्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरचा सतरावा खंड आमच्या जिल्ह्याचा, १८८४ सालचा. माझं इंग्रजी पत्रिकेपुरतं; शब्दकोश शेजारी ठेवून रोज एक पान. पेमगिरीला शहाजीराजांनी निजामशाहीतल्या लहान मुर्तझाला गादीवर बसवून राज्य चालवलं, हे गावात सगळे सांगतात. त्याचं वर्ष लिहायला गेलो तर दोन पुस्तकांत दोन वर्षं निघाली. दोन्ही दिली, दोन्ही पुस्तकांच्या नावांनिशी. तिथला प्रचंड वड किती एकरांत पसरलाय, याचं तर सांगणाऱ्यागणिक वेगळं उत्तर आहे. तो आकडा मी अजून लिहिलेला नाही.

जिल्ह्याचं नाव बदललं तेव्हा चावडीवर बराच धुरळा उडाला. ३१ मे २०२३ ला चौंडीत घोषणा झाली, मार्च २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळाचा निर्णय झाला आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये अधिसूचना निघाली. या मधल्या काळात दर काही दिवसांनी कोणीतरी नाव बदलायचं, कोणीतरी परत फिरवायचं. मला काय वाटतं याला तिथे किंमत नव्हती, आणि ते योग्यच होतं. पान स्थानांतरित केलं की जुन्या नावावरून पुनर्निर्देशन राहतं, म्हणजे जुन्या नावाने शोधणाराही पोहोचतो. पण १८८४ च्या गॅझेटिअरच्या नावातलं अहमदनगर तसंच ठेवावं लागतं, कारण ते पुस्तक त्याच नावाने छापलं गेलंय. भराभर बदल करणाऱ्यांनी पुस्तकांची नावंही बदलली होती. ती एकेक करून परत लावण्यात माझी दिवाळी गेली.

आता जे सांगायचं आहे ते सांगायला मला बरं वाटत नाही.

एका जानेवारीत, मराठी भाषा संवर्धन पंधरवड्यात, एका महाविद्यालयात विकिपीडियाची कार्यशाळा झाली. मी मदतनीस म्हणून गेलो होतो. चाळीसेक मुलंमुली, निम्मी मोबाइलवर. एका मुलीचा हात टायपिंगला चांगला होता. घरी जाऊन तिने रात्री एका पानात मोठा उतारा चिकटवला. मला दोन ओळींतच कळलं की तो छापील पुस्तकातला आहे. कायद्याने लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं मजकुरावर प्रताधिकार राहतो. नियमाप्रमाणे मी तो काढून टाकला आणि तिच्या चर्चापानावर तयार सूचनेचा साचा लावला, लाल चौकटीचा. दोन कळा दाबून काम झालं. पुढच्या पानाकडे वळलो.

तीन महिन्यांनी दुसऱ्याच कामासाठी तिच्या योगदानाची यादी उघडली. ती त्या रात्रीच थांबली होती. यादीत सगळ्यात खाली तिची धूळपाटी होती, कार्यशाळेतच लिहिलेली. सात ओळी. तिची आई विड्या वळते. पानं रात्री भिजत घालतात, सकाळी पत्र्याच्या मापाने कातरतात, तंबाखू भरून वळतात, दोऱ्याने बांधतात, पंचवीसचा एक कट्टा, मजुरी हजारावर. खराब पानं कोणाच्या खात्यात धरतात हेही तिने लिहिलं होतं. आमच्या गावात किती घरं या कामावर जगली आहेत, आणि ते इतक्या नेमक्या शब्दांत लिहिलेलं मी कुठे वाचलं नव्हतं. कुणी ते पाहिलं नव्हतं. मीही नाही, आणि मी तर त्या वर्गात तिच्या मागे उभा होतो.

आणखी एक गोष्ट तेव्हा लक्षात आली. माझं पहिलं संपादनही दुसऱ्याचा मजकूर चिकटवण्याचंच होतं. गुरुजींना मी विचारलं नव्हतं. फाँटमुळे तो वाचता आला नाही, म्हणून मला ‘धूळपाटीवर सराव करा’ असा निरोप मिळाला. वाचता आला असता तर कदाचित मलाही लाल चौकट मिळाली असती आणि मीही परत आलो नसतो. मी तिला निरोप लिहिला, तिच्या सात ओळींबद्दल, त्यात संदर्भ कसे जोडता येतील याबद्दल. उत्तर आलं नाही. तयार साचा मी त्यानंतर कुणालाही लावलेला नाही. दोन वाक्यं का होईनात, हाताने लिहितो, आणि लिहिण्याआधी त्या माणसाची धूळपाटी उघडून पाहतो.

गेल्या वर्षी दुकानात एक तरुण बाई आल्या. त्या गुरुजींच्या नात. गुरुजी जाऊन चार वर्षं झाली होती. घरातल्या स्मरणिकेला वाळवी लागली होती, गावात दुसरी प्रत मिळेना, हस्तलिखित कुठे गेलं माहीत नाही. तुमच्याकडे फाइल असेल का, असं त्यांनी विचारलं. माझी ती हार्डडिस्क २०१६ मध्येच गेली होती. नाही म्हणालो. त्या जिन्यापर्यंत पोहोचल्या तेव्हा मला आठवलं.

त्यांना परत बोलावलं. विकिपीडियावर गावाचं पान उघडलं, ‘इतिहास पहा’वर गेलो, खाली, अगदी खाली, मे २०१३. ती आवृत्ती तिथे होती. उलटवलेलं संपादन पुसलं जात नाही, त्याच्यावर दुसरी आवृत्ती येते एवढंच. टक्के, कंस, डॉलर, सगळं तसंच. ते कॉपी केलं, जुन्या मशीनवर पेजमेकर सुरू करून त्यात चिकटवलं आणि फाँट निवडला. पानावर गुरुजींची मराठी उभी राहिली.

पूर्ण नाही. काही चिन्हं ब्राउझरमधून जाताना गळाली होती. जोडाक्षरं फुटली होती, कुठे नुसते चौकोन. आजोबांना न विचारता मी हे तिथे टाकलं होतं, हे त्यांना सांगितलं. त्या काही बोलल्या नाहीत, खुर्ची ओढून शेजारी बसल्या. आम्ही प्रूफ वाचायला लागलो. विहिरींची नावं लागली, शाळेचं साल लागलं. दुसऱ्या पानावर, देवीच्या ठाण्याच्या खालून वाहणाऱ्या ओढ्याच्या नावातली मधली दोन अक्षरं मात्र काही केल्या लागेनात. त्यांनी गावाकडे वडिलांना फोन लावला.